बोंबलांसमोरचं बैठं घर

सासूबाईंना खुर्चीत बसवून आम्ही तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवत होतो. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं, जिन्यात चार पुरुष आणि त्यांच्यामध्ये मान कललेली म्हातारी पाहिली, आणि हात जोडले. सासूबाईंनी डोळे उघडून विचारलं, "काय गं, काय झालं?" बाई किंचाळून आत पळाल्या.

आम्ही हसलो. सासूबाई हसल्या नाहीत. डॉक्टरकडे जाऊन, त्याच खुर्चीतून पुन्हा वर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता मला खाली न्याल ते एकदाच. परत वर आणायचं नाही."

"आई, काहीतरी अभद्र बोलू नकोस," नवरा म्हणाला.

"अभद्र कसलं? खालचं घर बघा म्हणतेय."

आमचं घर मुलुंडला. इमारत जुनी, लिफ्ट नाही. इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार हे मी मुलगा शाळेत होता तेव्हापासून ऐकतेय. तो आता नोकरीसाठी बंगळुरात आहे आणि इमारत जिथल्या तिथे आहे. अधूनमधून नवा बिल्डर येतो, चहा-वेफर्स होतात, तो लिफ्टचं चित्र दाखवतो आणि जातो. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन त्या घरातल्या घरात चांगल्या चालायला लागल्या. जिना मात्र जमेना. दवाखाना आणि नणंदेकडचा एक महिना सोडला तर दोन वर्षं त्या कुठेही गेल्या नव्हत्या. आयुष्यभर स्वतः निवडून भाजी आणलेली बाई गॅलरीतून भाजीवाल्याशी ओरडून भांडायची, आणि मग मी आणलेली भेंडी एकेक मोडून बघायची.

लिफ्टचाही प्रयोग करून झाला होता. घाटकोपरला नणंदेच्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत. तिथे महिनाभर राहिल्या. एकदा लिफ्टचं दार वॉकरवर आपटलं आणि त्यानंतर कुणीतरी दार धरून उभं राहिल्याशिवाय त्या बाहेर पडेनात. नणंद नोकरीला, नातवंडं कॉलेजला. परत आल्यावर मला म्हणाल्या, "लिफ्टला दुसरं माणूस लागतं. मला दार उघडलं की जमीन पाहिजे. बैठं घर बघ."

बैठं घर हा त्यांचा शब्द. एकच मजला, वर आकाश. मुंबईत हा शब्द अजून आहे, फक्त तो दलालांकडे आहे.

मला काम मिळालं की ते संपेपर्यंत चैन पडत नाही. मी गोरेगावला एका स्टुडिओत मालिकांचा कपडेपट सांभाळते. तिथे सकाळी नऊवारी, दुपारी पोलिसांचे गणवेश आणि संध्याकाळी पुन्हा नऊवारी, असं धावतं काम असतं. घरशोधही मी तसाच सुरू केला. मुलुंडचं घर भाड्याने द्यायचं, आणि त्याच भाड्यात बसेल असं बैठं घर पश्चिमेला कुठेतरी घ्यायचं. माझं काम त्या बाजूला. नवऱ्याचं ऑफिस भांडुपला, त्याला उलटं पडणार होतं. तो म्हणाला, "बघू." तो प्रत्येक गोष्टीला बघू म्हणतो. बघायला मी जाते.

पर्समध्ये शिंप्याची टेप कायम असतेच. वॉकरची रुंदी मोजून ठेवली आणि सुट्टीच्या दिवशी, कधी शूटिंग लवकर संपलं की संध्याकाळी, निघायचे. आधी इमारतींमधले तळमजले पाहिले. तळमजला म्हणजे क्लास, दवाखाना नाहीतर गाड्या. जिथे माणसं राहतात तिथे पावसाचं पाणी शिरू नये म्हणून जोतं उंच आणि दाराशी पायऱ्या. जोगेश्वरीला एका दलालाने मोठ्या तोऱ्यात "बैठी रूम" दाखवली, तर झोपायची जागा पोटमाळ्यावर आणि वर जायला लोखंडी शिडी. मी म्हटलं, "अहो, म्हातारी आहे घरात." तो म्हणाला, "मग ती खाली झोपेल ना, किचनमध्ये."

बोरिवलीच्या पुढे, खाडीकडे, ओळीने छोटी बैठी घरं आहेत म्हणून कळलं. गेले. होती. पण बहुतेकांवर एक किंवा दोन मजले चढलेले, आणि जी बैठी राहिलेली ती चढायच्या वाटेवर. तिथला दलाल माझ्या मुलाच्या वयाचा. हेल्मेट काखेत धरून त्याने कुलूप उघडलं.

"मॅडम, रूम एकदम झकास. वर दोन माळे आरामात चढतात."

"मला चढवायचं नाहीये. मला भाड्याने पाहिजे."

"तुम्ही नाही हो, ओनर चढवणार. उन्हाळ्यात काम काढतोय. तोपर्यंत राहा ना."

"आणि मग?"

"मग थोडे दिवस शिफ्ट व्हायचं कुठेतरी. काम झालं की परत खाली. भाडं जरा वाढेल, पण टाइल्स नवीन मिळतील."

"म्हातारीला कुठे शिफ्ट करू? तुझ्या ऑफिसात?"

"मॅडम, तुम्ही पण ना!"

त्याने माझा नंबर घेतला आणि तो शेवटपर्यंत फोन करत राहिला. मुलगा वाईट नव्हता. पण जिथे जाईन तिथे हेच. बैठं घर म्हणजे इथे घर नाहीच, वरच्या मजल्यांची वाट बघणारा पाया आहे. भाडंसुद्धा मालक त्या अजून नसलेल्या मजल्यांकडे बघून सांगायचे. मला बैठं घर नको होतं, मला बैठंच राहणारं घर हवं होतं. असं काही असतं का, तेच मला कळत नव्हतं.

कपडेपटात माझ्याबरोबर इस्त्री करणारी एक कोळीण आहे. मढच्या वाटेवरच्या एका कोळीवाड्यातून येते. मी एक दिवस शालूच्या घड्या घालता घालता हे सगळं पुराण तिला ऐकवलं. ती म्हणाली, "ताई, आमच्या मावशीचं घर रिकामं हाय. बैठं. आणि ते कधी चढायचं नाय."

"का? परवानगी नाही?"

"परवानगीला कोण विचारतो? तुम्ही या तरी. पण नाक घरी ठेवून या."

मालाडहून बस. कोळीवाड्याच्या टोकाला मोठं मोकळं आवार, त्यात बांबूच्या उभ्याआडव्या दांड्यांच्या रांगा, आणि त्या दांड्यांवर तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले बोंबील. हजारो. लांबून पाहिलं तर कुणीतरी झालर शिवत बसलंय असं वाटलं, जवळ गेल्यावर तसं काही वाटलं नाही. वास नुसत्या नाकाला नाही, दातांना लागला. आवाराच्या पश्चिमेला बैठ्या घरांची एकच ओळ. बाकी अख्ख्या वाड्यात तीन-तीन मजले, ही ओळ तेवढी खाली.

इस्त्रीवालीची मावशी त्या ओळीतल्या रिकाम्या घराच्या दारात बसून जाळीच्या पोत्यातले सुके बोंबील निवडत होती. साठीच्या पुढची, भरलेल्या अंगाची, केसांत अबोलीचा वळेसर. मी टेप काढली. उंबरठा नावापुरता. वॉकर दारातून सरळ जात होता. संडास-मोरी आत, त्याच पातळीला. दाराबाहेर जरासा कोबा आणि मग वाळूमिश्रित माती. मोजून झाल्यावर ती म्हणाली, "ब्लाउज शिवतेस काय घराचा?"

"घर छान आहे. वर चढवणार नाही ना?"

"वर?" तिने हातातल्या बोंबलाने पश्चिम दाखवली. "दुपार कलली की ऊन कुठून येतं? माझ्या डोक्यावरनं. मी माळा चढवला तर सावली कुठं पडंल? त्यांच्या मावऱ्यावर. वारा बी अडंल. वास मारंल, किडे पडतील. या ओळीत कुणी चढवलं नाय. माझ्या दिराने विटा आणल्या होत्या एकदा. समोरच्या बाया सकाळी येऊन त्याच विटांवर बसल्या, दुपारपर्यंत उठल्याच नाय. त्या विटांची मग त्याने संडासाची भिंत केली. ती काय, तुझ्या मागं."

मी मागे वळून ती भिंत पाहिली. इतके महिने दलालांची बडबड ऐकल्यावर हे पहिलं कारण होतं ज्यावर माझा विश्वास बसला. आणि तरी मी चूक केलीच. म्हटलं, "मग हे अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून द्याल? चढवणार नाही म्हणून?"

ती हसून हसून खोकायला लागली. शेजारच्या घरात ओरडून म्हणाली, "अगं ए, ही बाय म्हणते सावली लिहून दे!" मग माझ्याकडे वळली. "मावरं खाता?"

"मी बाहेर खाते कधीतरी. घरात नाही. सासूबाई अंड्यालाही शिवत नाहीत."

"मग इथं कशाला मरायला येता?"

मी सांगितलं. खुबा, जिना, खुर्ची, सगळं. ती निवडता निवडता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हातारीचं कळलं. पण आधी एक भाडेकरू असाच होता, न खाणारा. आला तेव्हा हो हो म्हणाला. महिन्यात आमच्या नावाने तक्रारी, बोंबील तिकडं हलवा म्हणून. आम्ही काय घरात पलंगावर वाळवू? मला परत ते नको." तिने उठून दांडीवरचे अर्धवट वाळलेले बोंबील काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पुडकं माझ्या हातात कोंबलं. "अर्ध्या सुक्यालाच वास जास्त. घरी ने. आठ दिवस म्हातारीसमोर ठेव. राहिली तर ये. नाय तर दुसऱ्याला देते."

बसमध्ये माझ्या शेजारची जागा मुलुंडपर्यंत रिकामी राहिली.

आमच्या घरात मासा कधी आला नव्हता. मी पुडकं टेबलावर ठेवलं आणि उघडलं. नवरा उठून गॅलरीत गेला. सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

"हा काय प्रकार आहे?"

"हे घर आहे," मी म्हटलं. "तुम्हाला नेऊन दाखवता येत नाही म्हणून आणलं. असा वास रोज येणार. पावसाळा सोडून. इथे जेवढा येतोय त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त."

त्यांनी बराच वेळ बोंबलांकडे पाहिलं. बोंबलांनीही तोंडं उघडी टाकून त्यांच्याकडे पाहिलं.

"दार उघडलं की काय आहे?"

"जमीन."

"फरशी?"

"दाराशी कोबा. पुढे माती, वाळू."

"पायऱ्या?"

"नाहीत."

"एकही?"

"एकही नाही. मोजलंय मी."

"राहू दे इथे," त्या म्हणाल्या. "देवघराचं दार तेवढं लावून घे."

मी सकाळी कामाला जायचे ती रात्री यायचे. मधल्या वेळात काय व्हायचं ते मला नवऱ्याकडून कळायचं. पहिल्या दिवशी त्यांनी कापराची वडी रुमालात बांधून नाकाशी धरली. मग कापरानेच डोकं दुखतंय म्हणून ती फेकली. जेवताना आणि रात्री पुडकं खिडकीत, बाकी वेळ टेबलावर. नवऱ्याने एकदा ते गुपचूप कचऱ्यात टाकलं, तर त्याला परत काढायला लावलं. मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. दारातूनच म्हणाले, "आजी, जिन्यात फार वास येतोय हो. उंदीर वगैरे मेलाय का तुमच्याकडे?"

"उंदीर नाही. बोंबील आहेत."

"तुमच्याकडे? कधीपासून खायला लागलात?"

"खात नाही. सराव करतेय."

सेक्रेटरी काय समजले कोण जाणे, पण इमारतीत आम्ही धर्म सोडल्यासारखी चर्चा झाली. आठवडा व्हायच्या आतच सासूबाई मला म्हणाल्या, "ती बाई दुसऱ्याला देईल. फोन कर." मी विचारलं, वासाचं काय? त्या म्हणाल्या, "वासाचं काय, तो काही माझ्या वाटेत उभा राहत नाही."

त्यांना उतरवलं तेव्हा प्रत्येक मजल्यावर लोक दारात आले होते. त्या खुर्चीतून एकेकाला सूचना देत खाली गेल्या: नळ गळतोय तो बघा, माझी तुळस नेऊ नका, नवीन भाडेकरूंना मीटर दाखवा. टॅक्सीत बसल्यावर मात्र माझा हात त्यांनी मालाडपर्यंत सोडला नाही.

घर लागलं. कपाटं आली, गॅस आला. पहिल्या दिवशी वॉकरची पुढची चाकं वाळूत रुतली. घरमालकीण कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "ती चाकं काढ गं, नुसत्या रबरावर चालू दे तिला." नवऱ्याने पान्याने चाकं काढली. दुसऱ्या दिवशी सासूबाई कोब्याच्या कडेपर्यंत. नंतर शेजारच्या दारापर्यंत. नंतर मी मोजणं सोडलं.

आणि मग मला कळलं की वास मला सहन होत नाही.

परीक्षा सासूबाईंची घेतली होती. माझी कुणी घेतलीच नव्हती. त्या दिवसांत मी दिवसभर गोरेगावला, रात्री जेवून झोपायला घरी, आणि तेव्हा पुडकं खिडकीत. आता वास उशीत होता, भातात होता, पाण्याच्या पेल्यात होता. पहाटे जाग यायची ती त्यानेच. मी साबण बदलला, अगरबत्ती बदलली, कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायला लागले. कपडेपटात एक दिवस नायिकेने शालू हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं. इस्त्रीवाली तोंड दाबून हसली. नवऱ्याला प्रवास दुप्पट झाला होता, पण तो घरी येऊन गाढ झोपायचा. मीच येरझाऱ्या घालायचे. घरमालकीण एकदा म्हणालीच, "म्हातारीचं भ्या होतं मला. ती राहिली. तुझंच तोंड वाकडं."

"सवय होईल," मी म्हटलं.

"होईल काय? तुझं नाक बघ, सशासारखं हलतं."

बोरिवलीच्या त्या मुलाचा फोन आला तेव्हा मी कापला नाही. "मॅडम, मालक परदेशी. चढवणार नाही, लिहून देतो. फक्त एकच पायरी आहे, रॅम्प करून देतो. भाडं तुमच्या बजेटमध्ये." एका दुपारी शूटिंग लवकर संपलं, तेव्हा मी घरी काही न सांगता गेले. घर चांगलं होतं. खिडकीत मोगऱ्याची कुंडी, स्वयंपाकघरात कुणाच्या तरी पोह्यांचा वास. मी तिथे उभी राहून नुसता श्वास घेतला. मुलाने विचारलं, "बरं वाटत नाही का मॅडम?" पुढे लगेच रस्ता होता, रिक्षांची रांग, फुटपाथवर मोटरसायकली. मी टेप काढून दार मोजलं. वॉकर जात होता. दाराबाहेर कुठे जाईल, ते मोजता येत नव्हतं. उद्या सांगते म्हटलं.

परतीच्या बसमध्ये मी बोलायची वाक्यं जुळवली. पायरी एकच आहे. रॅम्प देतोय. दवाखाना जवळ. ह्यांनाही सोपं. प्रत्येक वाक्य खरं होतं.

घरी आले तर दार सताड उघडं आणि आत कुणी नाही. दोन वर्षं मी घरात शिरताना कधी हाक मारली नव्हती, त्या कुठे असणार हे ठरलेलंच असायचं. आता हाक मारली. मोरीत बघितलं. मागे बघितलं. शेजारी घरमालकीण तिच्या दारात पोती शिवत होती.

"आई कुठे आहेत?"

"गेली तिकडं."

"तिकडं कुठे?"

"मला सांगून जाते काय ती? मी तिची राखण करते काय?"

आवारात गेले. ऊन उतरलं होतं, बायका दांड्यांवरचा माल काढत होत्या. रांगांच्या पार पलीकडे, होड्या ओढून ठेवतात तिथे, सासूबाई वॉकर धरून उभ्या होत्या. एक म्हातारा होडीच्या तळाला काहीतरी फासत होता आणि त्या त्याला काहीतरी विचारत होत्या, बहुधा सुचवतच होत्या. मी धावतच पोहोचले. पायातल्या चपलेत वाळू भरली होती.

"अहो, आई! सांगून तरी जायचं!"

त्यांनी वळून पाहिलं. ऑफिसातून लवकर आलेल्या माणसाकडे बघावं तसं. "कुणाला सांगू? घरात कुणी होतं का?" मग माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "एवढी घामाघूम का झालीस?"

"काही नाही. काळोख पडेल आता. चला."

"तू हो पुढे. मी येते."

मी उभीच राहिले. त्या पुन्हा म्हाताऱ्याकडे वळल्या होत्या. मी दोन रांगांमधून परत निघाले. दोन्ही बाजूंना बोंबील, वास तसाच, दातांपर्यंत. घरी पोहोचेपर्यंत फोन वाजला. बोरिवलीचा तो मुलगा म्हणाला, "मॅडम, काय ठरलं? दुसरी पार्टी पण विचारतेय."

"दे त्यांना," मी म्हटलं.

कुकर लावला. एक शिट्टी झाली. दार उघडंच ठेवलं होतं. दुसरी झाली तरी त्या आल्या नव्हत्या. मी चप्पल घातली, दारापर्यंत गेले, चप्पल काढली आणि परत येऊन कोशिंबिरीसाठी काकडी चोचवायला घेतली.